गणपतरावांचा कित्ता गिरवू नका

आमदारकी हा व्यवसाय म्हणून पत्करण्याचा विचार तुमच्या मनात घोळत असेल आणि चौकातल्या फ्लेक्सवर तुमच्या छायाचित्राखाली 'भावी आमदार' ही अक्षरे एव्हाना झळकलीही असतील, तर अभ्यासाची सुरुवात राज्यघटनेपासून न करता सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यापासून करावी, असे मी सुचवेन. या व्यवसायात काय करू नये याचा इतका सविस्तर आणि इतका लांबलेला नमुना महाराष्ट्रात दुसरीकडे सापडणे कठीण आहे. तिथले गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा विधानसभेवर निवडून गेले आणि २०१४ साली अकराव्यांदा निवडून आले. मधल्या काळात १९७२ आणि १९९५ असे दोनच पराभव त्यांच्या वाट्याला आले. या आकड्यांनी दिपून जाऊ नका. सभागृहात सुमारे पन्नास वर्षे काढूनही माणसाने स्वतःचे किती नुकसान करून घ्यावे, हे त्यांच्या कारकिर्दीकडे जरा व्यावसायिक नजरेने पाहिले की लक्षात येते.

पहिले आणि सगळ्यात मोठे नुकसान पक्षाचे. गणपतरावांनी तरुणपणी शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, लाल बावटा हाती घेतला आणि तो शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. १९४७ साली स्थापन झालेला हा पक्ष एके काळी राज्यातला दखल घेण्याजोगा विरोधी पक्ष होता, हे खरे. पण पुढे तो आक्रसत रायगडचा काही भाग आणि सांगोल्यासारखी मोजकी ठिकाणे एवढ्यावर आला, हे गणपतरावांना दिसत नव्हते असे थोडेच आहे? १९७२ साली त्यांचा पराभव झाला तेव्हा 'मतदारसंघाच्या विकासासाठी' काँग्रेसमध्ये जाण्याची सुवर्णसंधी समोर होती. ती दवडून त्यांनी १९७४ ची पोटनिवडणूक पुन्हा शेकापकडूनच लढवली आणि, आणखी वाईट म्हणजे, जिंकली. अशा विजयांमुळे माणसाला चुकीच्या सवयी लागतात. परिणाम काय झाला? १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात अशी दोनदा, तीही थोड्या काळासाठी, मंत्रिपदे मिळाली आणि बाकीची बहुतेक वर्षे सत्तेबाहेर गेली. गंमत अशी की पुलोदचे सरकारही काँग्रेसमधल्या फुटीतूनच जन्मले होते. म्हणजे फुटीचा उपयोग काय असतो हे गणपतरावांनी जवळून पाहिले होते, फक्त स्वतः फुटण्याचे तेवढे त्यांना जमले नाही.

पक्षनिष्ठेच्या खालोखाल घातक सवय म्हणजे साधेपणा. आपल्या एसटीत आजी-माजी विधिमंडळ सदस्यांसाठी आसन राखून ठेवलेले असते, ते तुम्ही पाहिले असेल. ते आसन लोकशाहीच्या शोभेसाठी आहे, बसण्यासाठी नाही, एवढी साधी गोष्ट गणपतरावांना कोणी सांगितली नसावी, कारण ते खरोखरच एसटीने प्रवास करीत. तुम्ही असे काही केलेत तर कार्यकर्त्यांनी जायचे कुठे? आमदाराच्या मागे सात-आठ गाड्या, पहिल्या गाडीच्या काचेवर विधानमंडळाचे स्टिकर आणि शेवटच्या गाडीत ज्याला कोणीच ओळखत नाही असा एक माणूस, एवढा लवाजमा असल्याशिवाय गावातल्या लग्नात अक्षता पडायच्या थांबत नाहीत. ज्याच्यासाठी मुहूर्त खोळंबत नाही तो कसला लोकप्रतिनिधी?

विकासकामांच्या बाबतीत तर सांगोल्याकडे पाहूच नये. दुष्काळी तालुक्यातल्या आमदाराने पाण्याच्या प्रश्नाला हात घालू नये, हा या व्यवसायाचा मूळ नियम आहे, कारण पाणी यायला दशके लागतात आणि निवडणूक पाच वर्षांनी येते. गणपतराव मात्र आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्याबरोबर उभे राहिले आणि कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून वर्षानुवर्षे तोच विषय उगाळत बसले. टेंभू आणि म्हैसाळ या योजनांची नावे मुखोद्गत झालेल्या एका पिढीचे केस त्या प्रतीक्षेत पांढरे झाले. तुम्ही सभामंडप धरा. सभामंडप, हायमास्ट दिवा, पेव्हर ब्लॉक आणि गावाच्या वेशीवरची कमान या चार गोष्टी आचारसंहिता लागण्याच्या आत उभ्या राहतात आणि चारही गोष्टींवर 'आमदार निधीतून' असे लिहून खाली आपले नाव टाकता येते. कालव्यावर नाव टाकले तरी ते वाचायला तिथे कोण जातो?

सूतगिरणीचेही तेच. कापसासाठी फारसा प्रसिद्ध नसलेल्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी काढली, इथपर्यंत ठीक होते. तोवरची सगळी पावले प्रघाताला धरून होती. पण नंतर त्यांनी ती नीट चालवली. सहकारी संस्था काढायची, तिच्या भागभांडवलासाठी सरकारकडे हात पसरायचे, कालांतराने ती अवसायनात न्यायची आणि तिची जमीन योग्य हाती पडेल असे पाहायचे, ही महाराष्ट्रात सर्वदूर रुळलेली रीत सोडून गिरणीत सूत काढण्याचा हट्ट धरणाऱ्याबद्दल आपण काय बोलावे!

आता तुम्ही काय करावे, याकडे वळू. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ चे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण यांचे रकाने आहेत, त्यामुळे भरताना वकील जवळ असावा. परंतु यापूर्वी किती पक्षांत होता, हे विचारणारा रकाना त्यात नाही. कायदा ज्याची चौकशी करीत नाही त्याची चिंता आपण का करावी? १९६७ साली हरियाणाच्या गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलून 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग देशाला दिला, तेव्हा हे क्षेत्र फारच असंघटित होते. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले आणि एकट्यादुकट्याने उडी मारणे अवघड झाले; एक-तृतीयांश आमदार फुटले तर मात्र ती फूट कायदेशीर ठरत असे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही सवलतही काढून घेतली आणि दोन-तृतीयांश सदस्यांनी मान्य केलेले विलीनीकरण तेवढे ठेवले. टीकाकारांना वाटले की आता पक्षांतराला आळा बसला. प्रत्यक्षात किरकोळ व्यवहार बंद होऊन घाऊक व्यवहार सुरू झाला, आणि घाऊक व्यवहारात प्रवास, निवास व भोजन यांची व्यवस्था बहुधा आयोजकांकडे असते.

गोव्याने या बाबतीत मार्गदर्शक काम केले आहे. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी तिथल्या काँग्रेस उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तीन ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नसल्याची शपथ घ्यायला लावली होती, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पक्षाच्या अकरापैकी आठ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. आपण देवाला विचारूनच हे केले, असे त्यांपैकी एक, दिगंबर कामत यांनी सांगितले. शपथ तीन धर्मांच्या साक्षीने घेतली असली तर परवानगीही तिन्ही ठिकाणांहून घ्यावी काय, एवढा तपशील तेवढा अद्याप स्पष्ट झालेला नाही.

अपात्रतेची भीती तर मनातून काढूनच टाका. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ रोजी आला, विधानसभा अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला आणि त्यात कोणत्याही गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. तोवर पुढची निवडणूक दाराशी येऊन ठेपली होती. मतदार धडा शिकवतात म्हणावे, तर २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे ५७ आमदार निवडून आले.

आणि या सगळ्यात सांगोला मागे राहिला असे समजू नका. १९९५ साली गणपतरावांना दोनशेच्या आतल्या मतांनी हरवणारे काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी २०१९ मध्ये शिवसेनेच्या तिकिटावर गणपतरावांचे नातू अनिकेत देशमुख यांना हजारापेक्षा कमी मतांनी हरवले आणि तीन वर्षांनी गुवाहाटीहून फोनवर 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' असे वर्णन करून सांगोल्याचे नाव घरोघरी पोहोचवले. गणपतरावांना अकरा वेळा निवडून येऊन, इतकी अधिवेशने बसून काढून जे साधले नाही, ते बापूंना एका फोनवर साधले. प्रसिद्धीसाठी अभ्यासू भाषणे तयार करणाऱ्यांनी यावर विचार करावा.

तरीही सांगोल्याच्या मतदारांचा नेम नाही, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. २०२१ च्या जुलैत गणपतराव गेले आणि २०२४ मध्ये त्याच मतदारांनी बापूंना घरी बसवून गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांना शेकापकडूनच विधानसभेत पाठवले. २०१४ साली शेकापचे तीन आमदार होते. त्यांपैकी पेणचे धैर्यशील पाटील २०१९ मध्ये हरले, पुढे भाजपमध्ये गेले आणि २०२४ मध्ये राज्यसभेत पोहोचले. प्रगती कोणत्या दिशेला आहे, हे यावरून कळते. आज २८८ जणांच्या सभागृहात शेकापचा एकच आमदार आहे. दहाव्या परिशिष्टाच्या हिशोबाने पाहिले तर यासारखी सोयीची स्थिती दुसरी नाही, कारण एकाचे दोन-तृतीयांश म्हणजे तोच एक. त्याला कोणाची मनधरणी करावी लागत नाही, बसगाड्या ठरवाव्या लागत नाहीत, हॉटेलात खोलीही एकच पुरते. सांगोल्याच्या आमदारांना हे गणित कोणीतरी घालून दाखवले असेलच.