टोल गाडीचा कटतो, माणसाचा नाही

बेळगावात टिळकवाडीच्या कट्ट्यावर काल विषय निघाला बलात्काराच्या खटल्याचा. ठिणगी टाकली ती मास्तरांनी. "ती म्हणते हा होता, हा म्हणतो मी कोल्हापुरात होतो. शब्दाला शब्द. मग संशयाचा फायदा आरोपीलाच की!"

"शब्दाला शब्द कुठनं आलं मास्तर?" वकीलबाईंनी कप बाजूला ठेवला. "दोघांना एकदम तराजूत घालत नाहीत. आधी तिची साक्ष एकटी उभी राहते का ते बघतात. विश्वास बसला तर दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागत नाही, हे 1996 च्या गुरमीत सिंग निकालात आहे. पण 2012 च्या राय संदीप निकालात कसोटी कडक आहे. पहिल्या जबाबापासून उलटतपासणीपर्यंत गाभा तोच राहायला हवा. तपशील थोडा हलला तर चालतं, माणूसच बदलला तर नाही."

"आणि कोल्हापूर?" टेम्पोवाले दादा पुढं सरकले.

"ते आरोपीनं शाबीत करायचं. जुन्या पुरावा कायद्यात कलम 103, नव्या साक्ष अधिनियमात 106. तिथं होतो एवढ्यानं भागत नाही, त्या वेळी इथं असणं अशक्य होतं हे दिसायला हवं. 1981 चा दूधनाथ पांडे निकाल तेच सांगतो."

"मग कोल्हापूर कसलं अशक्य? दोन तासांत पोचतोय मी. सकाळी तिथं सही ठोकायची, जेवायला घरी."

"कोल्हापूरच्या वाटेवर कोगनोळीच्या टोलवर फास्टॅग कटलेला दाखवला तर?" मास्तर काय सोडेनात.

"टोल गाडीचा कटतो. आत कोण बसलंय ते त्याला काय ठाऊक! फोनचंही तसंच. टॉवरवरनं सिमचा अंदाजे परिसर कळतो, आणि फोन भावाच्या खिशातही असू शकतो. चेहरा दिसणारं सीसीटीव्ही हवं, आणि ते लगेच. रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर भरला की जुन्यावर नवं चढतं. वर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नसलं तर काय होतं ते 2020 च्या खोतकर निकालात वाचा. खटल्याच्या शेवटच्या जबाबात पहिल्यांदा 'मी कोल्हापुरात होतो' म्हटलं की कोर्टाला ते रचलेलं वाटतं."

"मग तो तिथं होता म्हणणाऱ्या मित्रांची साक्ष फुकटच म्हणा," मास्तर म्हणाले.

"नाही हां. बचावाच्या साक्षीदारालाही सरकारी साक्षीदाराइतकाच मान, हेही दूधनाथ पांडेतच आहे. आणि बचाव कोसळला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असंही नाही. सरकार पक्षाला आपलं घर स्वतःच बांधावं लागतं."

मास्तर जरा निवले. पण बाईंचं अजून संपलं नव्हतं.

"आपल्याकडं खरी गोम भाषेची. खानापूरकडची बाई मराठीत सांगते, 'दिवेलागणीला.' जबाब कन्नडात टाइप होतो आणि तिथं पडतं 'संध्याकाळी 7'. बचावाचा वकील नेमके 7 धरून ॲलिबी, म्हणजे 'त्या वेळी मी दुसरीकडं होतो' हा बचाव, बांधतो. उलटतपासणीत ती म्हणते, 'मी कुठं घड्याळ बघितलं?' झाली विसंगती! कायद्यानं साक्ष तिला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवायची असते. घाईत ते भराभर उरकतात. दुरुस्ती तिथंच मागायची. सही झाल्यावर तो आकडा हलवणं फार जड."

"दिवेलागणी म्हणजे 7 च की," मास्तर म्हणाले.

"कुठल्या महिन्यातली मास्तर?" दादा हसले. "डिसेंबरात सहाला लाइट लावून गाडी हाणुलोय मी."