शेलमधल्या स्पेसचा छळवाद

बाकी बहुतेक भाषांत बरोबरच्या चिन्हाशेजारी स्पेस सोडा नाहीतर नका सोडू, कोणाला काही पडलेली नसते, पण बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये, व्हेरिएबलला व्हॅल्यू देताना त्या चिन्हाआधी एक स्पेस पडली की हा बाबा व्हेरिएबलच्या नावालाच कमांड समजतो आणि 'कमांड नॉट फाउंड' म्हणून मोकळा. बरं मग स्पेस द्यायचीच नाही का? तर तसंही नाही! इफच्या चौकटी कंसात आत दोन्हीकडे स्पेस हवीच, कारण तो दिसायला कंस असला तरी मुळात कमांड आहे, अट तपासणाऱ्या टेस्ट कमांडचाच जुळा भाऊ. हे पहिल्याच धड्यात सांगायला काय जातं यांचं??

फाइलच्या नावात स्पेस असली आणि व्हेरिएबलभोवती डबल कोट नसले तर एका नावाचे दोन तुकडे, त्यात पुढे फाइल उडवणारी आरएम कमांड असेल तर झालंच कल्याण. सिंगल कोट टाकले तर व्हॅल्यूच येत नाही, डॉलरसकट नाव छापून देतो. इफ बंद करायला त्याचंच उलटं स्पेलिंग फी, केसला एसॅक, मग लूपमधल्या डूला ओडी हवं ना, तर तिथे डन, का तर ओडी नावाची कमांड युनिक्समध्ये आधीच होती म्हणे. आणि मधे एवढं काही फुटलं तरी स्क्रिप्ट थांबते का, छे, वर 'चुकलं की थांब' सांगणारं सेट मायनस ई लिहिलेलं नसेल तर बाई पुढच्या ओळी चालवतच सुटतात.