बाई बॉस आहे? मग झालं!

सोमवारपासून आमच्या टीमला नवीन मॅनेजर येणार आहेत. नाव कळलं आणि शेजारच्या टेबलावरून लगेच वाक्य आलं, "बाई बॉस आहे? मग झालं!" बोलणारी मुलगीच होती, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. मला तिचा राग आला नाही. बारा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोलले होते, तेही जिच्याबद्दल बोलायला नको होतं तिच्याबद्दल. हे कधीतरी लिहायचं होतंच, आज लिहिते.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला सात मॅनेजर मिळाले. पाच पुरुष, दोन बायका. एका सरांनी मला शून्यापासून काम शिकवलं, त्यांचं ऋण मी विसरणार नाही. एक सर भर मीटिंगमध्ये फाइल आपटायचे. बाकीचे तिघे ठीक. दोन बायकांपैकी पहिल्या मॅडमनी मात्र मला खरंच त्रास दिला. माझं रात्री जागून केलेलं प्रेझेंटेशन त्यांनी स्वतःच्या नावाने पुढे पाठवलं. हे मी झाकणार नाही. पण गंमत बघा, फाइल आपटणाऱ्या सरांबद्दल आम्ही म्हणायचो, "माणूसच तापट आहे." या मॅडमबद्दल म्हणायचो, "बायका अशाच असतात."

मला बोलायचंय ते दुसऱ्या मॅडमबद्दल.

त्यांच्याआधी त्याच खुर्चीत एक सर होते. सुट्टी हवी असली की दारातून डोकं आत घालायचं. "सर, गुरुवार-शुक्रवार मी नाहीये." "जा, बघतो मी." विषय संपला. मॅडम आल्या आणि त्याच प्रश्नाला उत्तर यायला लागलं, "मेल टाक, मी सांगते तुला." मग अर्धा दिवस वाट बघायची, कधी पूर्ण दिवस. क्लायंटकडे जाणारी प्रत्येक मेल आधी त्यांना दाखवायची. रिपोर्टची प्रिंट घेऊन त्या एकेका आकड्याखाली पेन्सिलने बारीक टिंब देत तपासायच्या. कागद परत आला की टिंबांनी भरलेला असायचा. आम्हाला तो अपमान वाटायचा. डबा खाताना रोज तोच विषय. "यांना निर्णयच घेता येत नाही." "बायकांना दुसऱ्यावर विश्वास टाकता येत नाही." आणि माझं ठरलेलं वाक्य, "सर किती दिलदार होते!"

मग मॅडमचं ऑपरेशन झालं. त्या महिनाभर रजेवर गेल्या आणि विभागाचा मेलबॉक्स माझ्याकडे आला. एक जुना हिशोब शोधताना मी मागे मागे जात राहिले आणि वरच्या साहेबांच्या मेल दिसायला लागल्या. "ही दोन दिवसांची रजा कुणाला विचारून मंजूर केली?" "हा आकडा तुम्ही स्वतः तपासलात का?" "यापुढे असे निर्णय माझ्याशी बोलून घ्यावेत." अशा मेल दर आठवड्याला होत्या. मी आणखी मागे गेले, सरांच्या काळापर्यंत. तिथे असं एकही पत्र नव्हतं. पद तेच, काम तेच, साहेबही तेच.

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. सरांचा दिलदारपणा खोटा नव्हता, पण तो त्यांना परवडत होता. मॅडमना एक चूकही परवडणारी नव्हती, म्हणून प्रत्येक आकड्याखाली टिंब होतं.

रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ मध्येच एका मोठ्या कंपनीचा अभ्यास करून हे मांडलं होतं. ज्याच्यावर जबाबदारी टाकली पण हातात अधिकार दिला नाही, तो माणूस नियमावर बोट ठेवतो, हाताखालच्यांवर बारीक नजर ठेवतो, आपलं इवलंसं कुंपण राखत बसतो. मग तो पुरुष असो की बाई. आपण त्याला 'बायकी स्वभाव' म्हणतो, कारण अशा अर्ध्या खुर्चीवर बायकांनाच जास्त वेळा बसवलं जातं.

अमेरिकेत गॅलप ही संस्था लोकांना विचारत आली आहे की बॉस पुरुष हवा की बाई. १९५३ मध्ये ६६ टक्के लोकांना पुरुष हवा होता, बाई फक्त ५ टक्क्यांना. २०१७ मध्ये ५५ टक्के लोक म्हणाले, काही फरक पडत नाही; उरलेल्यांत पुरुष हवा म्हणणारे २३ आणि बाई हवी म्हणणारे २१ टक्के. चौसष्ट वर्षांत बायकांचा मूळ स्वभाव बदलला असेल असं मला वाटत नाही. बाईच्या हाताखाली काम करायची लोकांना सवय झाली, हे त्यातलं खरं.

आणि आपण वापरतो ते शब्द. मॅडम आमच्याकडे होत्या त्या वर्षी मॅनेजरबद्दल अभिप्राय द्यायचा फॉर्म आला होता. मी मॅडमबद्दल लिहिलं होतं, "बोलण्यात फार कडक." फाइल आपटणाऱ्या सरांबद्दल काही वर्षं आधी त्याच रकान्यात लिहिलं होतं, "स्पष्टवक्ते." मॅडमनी कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. किरन स्नायडर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये २४८ अप्रेझल, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कामाबद्दल लिहिलेले अभिप्राय, वाचून काढले, तेव्हा 'अब्रेसिव्ह', म्हणजे खरखरीत, टोचणारी, हा शब्द बायकांच्या वाट्याला १७ वेळा आलेला दिसला. पुरुषांच्या अप्रेझलमध्ये एकदाही नाही. वाचताना मला माझाच फॉर्म आठवत होता.

मॅडम रजेवरून परत आल्यावर मी त्यांना काहीच बोलले नाही. तेवढं धैर्य नव्हतं. फक्त रिपोर्ट देण्याआधी मीच प्रत्येक आकड्याखाली टिंब द्यायला लागले. त्यांनी पहिला कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि न तपासता सही केली. सहा महिन्यांनी त्या नोकरी सोडून गेल्या.

म्हणून परवाच्या मीटिंगमध्ये मी साहेबांना सगळ्यांसमोर विचारलं, "नवीन मॅडमना टीमच्या रजा मंजूर करायचा अधिकार पूर्ण असेल ना? आधीच्या सरांना होता तसा?" ते जरा थांबले. म्हणाले, "हो, असेल की." मी म्हटलं, "मग तेवढं मेलवर टाकाल का, सर? म्हणजे आम्हालाही कळेल." शेजारच्या टेबलावरची ती मुलगी माझ्याकडे बघत होती.

मेल अजून आलेली नाही. उद्या सकाळी पुन्हा विचारणार आहे.