डिस्चार्ज समरीवर थांबू नका, आख्खी फाइल मागा

हॉस्पिटलमध्ये काही चुकलं की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एकतर पोरं जमवून काउंटरवर राडा, नाहीतर "जाऊ दे, आता भांडून काय मिळणारे" म्हणत घरी. मला दोन्ही बघवत नाही. राडा केला की राज्याच्या २०१० च्या कायद्याने तुमच्यावरच अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत तुरुंग, तोडफोडीची दुप्पट भरपाई, आणि मूळ चूक राहते बाजूलाच. गप्प बसलात तर ग्राहक आयोगात जायची दोन वर्षांची मुदत कधी निघून गेली कळतही नाही. म्हणून माझं म्हणणं एकच, रडा, चिडा, पण आधी फाइल हातात घ्या.

आणि फाइल म्हणजे डिस्चार्ज समरी नाही. समरी हॉस्पिटल शेवटी बसून टाइप करतं, काय झालं त्याची त्यांची बाजू असते ती. खरं काय घडलं ते आतल्या इनडोअर पेपर्समध्ये, म्हणजे पेशंट भरती असताना लिहिलेल्या कागदांत असतं, राउंडच्या नोट्स, सिस्टरच्या नोट्स, भूल देणाऱ्या डॉक्टरांचा कागद, कन्सेंट फॉर्म, आणि औषधांची ट्रीटमेंट शीट.

माझी मावशी वर्तकनगरला राहते. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी ठाण्यातच एका खासगी हॉस्पिटलात ॲडमिट केलेलं. तिला पेनिसिलिन चालत नाही, भरती करतानाच सांगितलं, त्यांनी लाल पेनाने लिहूनही घेतलं. तरी रात्री त्याच गटातलं अँटिबायोटिक सलाइनमधून गेलं. अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, बीपी एकदम खाली, थेट आयसीयू. वाचली, देवाची कृपा. पण समरीत काय तर "औषधाची रिॲक्शन, योग्य उपचार दिले" एवढंच. कुठलं औषध, कुणी लिहिलं, किती वाजता दिलं, एक शब्द नाही! मावसभाऊ रेकॉर्ड सेक्शनला गेला तर आज सांगतात साहेब नाहीत, उद्या सांगतात फाइल इन्शुरन्सला गेलीये, मग म्हणे फाइल हॉस्पिटलची असते, पेशंटला देत नाही. शेवटी लेखी अर्ज दिला, अर्ज मिळाल्याचा इनवर्डचा शिक्का घेतला, तेव्हा झेरॉक्स मिळाली.

ती ट्रीटमेंट शीट मी स्वतः बघितलीये. वरच्या कोपऱ्यात ॲलर्जीची चौकट छापलेली असते, ती कोरी. ॲडमिशनच्या कागदावर लाल पेनाने लिहिलेलं, पण सिस्टर इंजेक्शन देताना जो कागद बघते त्यावर ते उतरवलंच नव्हतं. खाली रात्री दहाच्या रकान्यात औषध दिल्याची सही. घरातले सगळे त्या रात्रीच्या सिस्टरला शिव्या देत होते, पण शीट भरणाऱ्याने काय केलं, ऑर्डर लिहिणाऱ्या डॉक्टरने ॲलर्जी का नाही बघितली, हे प्रश्न कागद हातात आल्यावरच सुचले. आणि "ते डॉक्टर आमचे नाहीत, व्हिजिटिंग आहेत" असं सांगून हॉस्पिटलला हात झटकता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच ते स्पष्ट केलंय.

आता नियम सांगते. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा अधिकृत नातेवाईकाने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावंच लागतं, आणि इनडोअर रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळून ठेवावं लागतं. ही मेहरबानी नाही. नाही दिलं तर तीही तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते.

बिल कंपनीच्या मेडिक्लेमने भरलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही असंही कुणी सांगेल, ऐकू नका. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालात विम्याचे किंवा मालकाने भरलेले पैसेही धरलेत, आणि ईएसआयवाल्यांना, म्हणजे कामगार विमा योजनेतल्यांनाही ग्राहक धरणारा २००७ चा निकाल आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामाला असणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे ऑपरेशन परळला झालं असलं तरी ऐरोलीतल्या माणसाला ठाणे जिल्हा आयोग चालतो, खारघर-कामोठेवाल्यांना रायगडचा. हॉस्पिटलला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही (डॉक्टरी गुंतागुंत असेल तर घ्या मात्र). सगळ्यांनाच फुकट उपचार देणाऱ्या सरकारी हॉस्पिटलला हा कायदा लागत नाही, केसपेपरचे पैसे भरले असले तरी. तिथे सिव्हिल कोर्ट किंवा हायकोर्ट. पण कागद तिथलेही मिळतात, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

माझे डॉक्टर मित्र हे वाचून चिडतील, म्हणून सांगते, प्रत्येक वाईट निकाल म्हणजे निष्काळजीपणा नाही हे मला मान्य आहे. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय की डॉक्टरवर फौजदारी करायची तर निष्काळजीपणा घोर असायला हवा, साधी चूक पुरत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण डॉक्टरने सगळं नीट केलं हे तरी नातेवाइकांना कशावरून कळणार? फाइल लपवली की संशयच वाढतो. चांगल्या डॉक्टरला वाचवणारा कागदही तोच आहे.

वेळ लागतो, खोटं कशाला सांगू. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी एका विशीतल्या पोराच्या मांडीचं हाड मोडलं, पुण्याला नेलं, तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून पाय ओढला, त्याच रात्री पोरगा गेला. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १९६८ ला, भरपाई ३,००० रुपये. बाप पंधरा वर्षं मागे हटला नाही, आणि डॉक्टरची कर्तव्यं काय हे सांगताना आजही कोर्टात तोच निकाल काढतात.

ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांनी आजच अर्ज लिहा. पेशंटचं नाव, आयपीडी नंबर (भरतीचा नंबर), भरती आणि डिस्चार्जची तारीख, आणि "नर्सिंग नोट्स व ट्रीटमेंट शीटसह संपूर्ण इनडोअर केस रेकॉर्डची प्रत मिळावी" एवढं पुरतं. दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. आणि माणूस गेला असेल, कारणाबद्दल शंका असेल, तर अंत्यविधीच्या आधी पोस्टमॉर्टेमची मागणी करा. त्या वेळी हे बोलणं किती जड जातं ते मला कळतं, पण एकदा अग्नी दिला की ती मागणी करता येत नाही.