'सिद्ध झालंय' म्हणे!

आज एका व्याख्यानाला गेले होते, डोकं तापवून परत आलेय. विषय विश्वाची उत्पत्ती. वक्ते हुशार, स्लाइड्स झकास, पण तासभर एकच पालुपद: १३.८ अब्ज वर्षांपूर्वी महास्फोट (बिग बँग) झाला, शून्यातून विश्व जन्मलं, सिद्ध झालंय, विषय संपला.

शेवटी मागच्या रांगेतले एक काका उठले. प्रश्न कागदावर लिहून आणला होता, चार घड्या घालून. माईक हातोहात मागे येईपर्यंत त्यांनी तो दोनदा उघडून वाचला. "त्याच्या आधी काय होतं?" वक्ते म्हणाले, "काका, उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय असतं?" सभागृह खदखदून हसलं. काका बसले.

अरे, हसता काय? ही उत्तर ध्रुवाची उपमा भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगची. १९८३ मध्ये त्यांनी आणि जेम्स हार्टल यांनी काळाला मागच्या बाजूने कडाच नाही, म्हणून 'आधी' असं काही नाहीच, अशी एक कल्पना मांडली, त्यातली. देखणी कल्पना आहे. सिद्ध झालेली नाही! एक न तपासलेली कल्पना तोंडावर फेकून म्हाताऱ्या माणसाला गप्प करायचं, आणि वर याला विज्ञान म्हणायचं.

१३.८ अब्ज मी नाकारत नाहीये. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे ते अवाढव्य समूह, एकमेकींपासून लांब जातायत. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशात सगळीकडून येणारं ते क्षीण प्रारण सापडलं, म्हणजे त्या सुरुवातीच्या उष्णतेची उरलेली धग, निरपेक्ष शून्याच्या (त्याहून थंड काही असूच शकत नाही) जेमतेम पावणेतीन अंश वरची. विश्व एकेकाळी प्रचंड तापलेलं आणि दाट होतं, इतकं पक्कं. पण हा प्रसरणाचा हिशेब आहे. तो उलटा नेत गेलं की आइन्स्टाइनची समीकरणं एका टप्प्यावर 'अनंत' सांगून हात टेकतात. तिथून पुढे गुरुत्वाचा पुंजसिद्धांत, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि अणूंच्या सूक्ष्म जगाचे नियम एकत्र बसवणारा सिद्धांत, लागतो, आणि तो अजून कुणाला पुरता जमलेला नाही. गणित अडलं म्हणजे विश्व तिथेच सुरू झालं, हे कुणी ठरवलं? रॉजर पेनरोझ तर आपल्या आधीही एक युग होतं म्हणतात. नोबेलवाला माणूस आहे, त्यालाही हसाल का?

बरं, हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांचा १९४८ चा स्थिर स्थिती सिद्धांत (विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच आहे, असं सांगणारा) पडला, कबूल. आपले नारळीकर सर हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये त्याचं नवं रूप घेऊन आले, तेही फार कुणी मानलं नाही. पण लोक हसतील म्हणून सर गप्प बसले नाहीत. काकांना मात्र बसावं लागलं.

आणि गंमत बघा. या महास्फोटाचं बीज ज्यांनी पेरलं ते जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू. १९५१ मध्ये पोपनी त्यात ईश्वरी निर्मितीला दुजोरा शोधला, तर लमेत्रनाच ते रुचलं नाही. इतका संयम आजच्या वक्त्यांना का नसावा?

जाऊ दे. वक्ते काही वाईट नव्हते, वेळ संपत आली असेल, टाळ्यांची सवय असेल. "आम्हाला माहीत नाही, काका" एवढं म्हणाले असते तर मीच पहिली टाळी वाजवली असती.

मला विचाराल तर विश्व कायमचंच असावं असं वाटतं. पुरावा शून्य, निव्वळ आवड. मागे मागे जात कधीच न संपणारा काळ डोक्यात मावत नाही, मान्य. पण काहीच नसताना अचानक सगळं, हे तर त्याहून मावत नाही. ज्यांना मावतं त्यांनी कमेंटमध्ये खुशाल भांडावं, जागीच आहे मी.