बाहेरचा पैसा आणि आतला पैसा

'युनियनच्या निवडणुकीत बाहेरच्या देणग्या बंद केल्या की भ्रष्टाचार थांबेल' हे लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. अमेरिकेतल्या टीमस्टर्सचंच बघा. ट्रक ड्रायव्हरांची ही युनियन, माफियाच्या विळख्यातून सोडवायला 1989 मध्ये कोर्टामार्फत तडजोड झाली आणि 1991 मध्ये सभासदांनी पहिल्यांदा थेट मतदानाने अध्यक्ष निवडला, रॉन केरी. 1996 ला तो जेम्स हॉफांविरुद्ध थोडक्यात पुन्हा जिंकला. मग उघड झालं की युनियनच्याच तिजोरीतून काही राजकीय संघटनांना देणग्या गेल्या, आणि त्याच्या बदल्यात केरीच्या प्रचाराला पैसा फिरून आला. म्हणजे पैसा बाहेरचा दिसत होता, पण होता सभासदांच्याच वर्गणीचा! यूपीएस या पार्सल कंपनीतला युनियनचा गाजलेला संप जिंकून आठवडाही झाला नव्हता, तोच ऑगस्ट 1997 मध्ये निवडणूक रद्द ठरली. पुढे केरीला उभं राहायलाही बंदी झाली. (2001 मध्ये ज्युरीने त्याला खोटी साक्ष दिल्याच्या आरोपातून निर्दोष सोडलं, हे कुणी सांगत नाही.)

तिथल्या 1959 च्या कायद्यात युनियनचा किंवा कुठल्याही मालकाचा पैसा प्रचारात वापरायला आधीपासूनच मनाई आहे. म्हणून खरा प्रश्न 'स्वतंत्र' म्हणवणाऱ्या समित्यांचा. त्या उमेदवाराच्या नावाने पैसे घेत नाहीत, पण पत्रकं त्याचीच छापतात. त्यांनाही उमेदवाराइतकाच हिशेब द्यायला लावा. सरसकट बंदीने मार बसतो तो बंडखोरालाच. खुर्चीवरच्याकडे युनियनचं मासिक, नोकरदार फौज आणि गाडी असते की.