गोलावरचे स्फटिक आणि न भरलेल्या फटी

वक्र पृष्ठभागावर कण नियमित रचनेत, म्हणजे स्फटिकासारखे, कसे बसतात यावरचा तुमचा लेख छान आहे, पण "वक्र पृष्ठभागावर स्फटिकात दोष येतातच" हे वाक्य मला अर्धवट वाटलं. अख्खा गोल झाकायचा असेल तर ते खरंच आहे. सपाटीवर प्रत्येक कणाला सहा शेजारी मिळतात, बंद गोलावर ऑयलरचं सूत्र (बंद आकाराचे कोपरे, कडा आणि बाजू यांच्या संख्यांचं नातं) ते होऊ देत नाही. शेजारी पाच किंवा सहाच असतील, तर पाचवाले कण, म्हणजेच दोष, नेमके 12 लागतात, मग एकूण कण शंभर असोत वा लाख. कार्बन-60 च्या, म्हणजे 60 कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूतही पंचकोन 12च. गोल मोठा झाला की या दोषांभोवती पाच-सात, पाच-सात शेजाऱ्यांच्या कणांच्या साखळ्या तयार होतात. 2003 मध्ये पाण्याच्या थेंबांवर त्या प्रत्यक्ष दिसल्या.

पण गोल झाकायची सक्तीच नसेल तर? 2014 मधला हार्वर्डचा प्रयोग मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. थेंबाच्या आतल्या बाजूला एकमेकांना अगदी जवळूनच ओढणारे प्लास्टिकचे सूक्ष्म कण होते. ही पकड ताणली जात नाही, त्यामुळे चेंडूवर कागद चिकटवताना होते तशीच अडचण येते. स्फटिक एका मर्यादेपर्यंत पसरतो, मग ताण टाळण्यासाठी अरुंद पट्ट्यांनी, फांद्या फुटल्यासारखा वाढतो. मधे मोठ्या फटी राहतात, पट्ट्यांच्या आतली रचना मात्र जवळजवळ निर्दोष!

खोगिरासारख्या पृष्ठभागांवरही लिहा ना. तिथे सात शेजाऱ्यांचे कण महत्त्वाचे ठरतात.